दहा मिनिटांची परवानगी

वहाणा हातात घ्या. पुढची वाट बांधावरून जाते आणि कालच शेताला पाणी सोडलेलं आहे. दोन्ही बाजूंना ऊस उभा आहे. कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर हा वास तुमच्या ओळखीचा असेल, आणि अरमंतला साखर कारखाना आहे हे कळल्यावर तुम्हाला जरा घरच्यासारखंही वाटेल. पण ऊस संपतो तिथे कृष्णा नाही, नाईल आहे. तुम्ही इजिप्तच्या दक्षिण भागात, लक्सरच्याही दक्षिणेला आला आहात. साल साधारण १९३६.

तो गलका ऐका. तीसेक पोरं एकाच वेळी ओरडत आहेत आणि प्रत्येकाच्या तोंडी वेगळा मजकूर आहे. हा कुत्ताब, म्हणजे कुराण पाठ करून घेणारी गावची शाळा. पोरं चटईवर मांडी घालून बसली आहेत, मांडीवर लाकडी पाटी आहे आणि तालात पुढे-मागे डोलणं चाललं आहे. पाटीवरचा मजकूर पाठ झाला की ती धुवायची आणि पुढचा लिहून घ्यायचा. जे धुऊन गेलं ते आता पोराच्या डोक्यात असलं पाहिजे. मास्तरांना इथे ‘सय्यिदना’ म्हणतात. ते डोळे मिटून बसलेले दिसतात, पण त्या गोंधळातही कोण कुठे चुकला ते त्यांना बरोबर कळतं.

कोपऱ्यातल्या त्या सावळ्या पोराकडे बघा. वय नऊ. नाव अब्दुल बासित, वडील महंमद, आजोबा अब्दुल समद. आजोबांना आणि वडिलांना, दोघांनाही कुराण मुखोद्गत. पोरगा सहाव्या वर्षी इथे आला आणि दहाव्या वर्षी त्याचं अख्खं कुराण पाठ होणार आहे. पण पाठांतराचं कौतुक नंतर करू, आधी सय्यिदना त्याला कुठे अडवतात ते ऐका. शब्द चुकला म्हणून नव्हे, चुकीच्या जागी थांबला म्हणून अडवलं आहे.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा प्रवास या एका गोष्टीवर उभा आहे. कुराणातल्या एका आयतीत, म्हणजे वचनात, सांगितलं आहे की नशेत असताना नमाजला उभं राहू नका. आता वाचणाऱ्याचा दम ‘नशेत’ या शब्दाच्या आधीच संपला, तर ऐकणाऱ्याच्या कानावर उलटाच हुकूम पडतो. म्हणून श्वास कुठे घ्यायचा, कुठे घ्यायचा नाही आणि कुठे घेतला तर मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची, याचं एक शास्त्रच आहे. त्या थांब्याला ‘वक्फ’ म्हणतात. अक्षर तोंडात नेमकं कुठून काढायचं, कोणता स्वर किती मात्रा लांबवायचा, नाकातून गुंजन किती ठेवायचं, हे सगळं ‘तजवीद’मध्ये येतं. आपल्याकडे घनपाठी ब्राह्मणाने वेद मुखात कसा जपला हे ज्यांनी जवळून पाहिलं असेल, त्यांना या चटईवरची शिस्त वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. चाल, गोडवा, लोकांची दाद या गोष्टींना अजून बरीच वर्षं आहेत. पोरगा सध्या थांबायला शिकतो आहे.

दिवस कलला आहे. पोरगा निघाला, त्याच्या मागे चला. बरंच चालावं लागेल. खेड्यात रेडिओ कुठला? तो असतो दूर, कॉफीच्या दुकानात. तिथे आज शेख महंमद रिफअत यांचं पठण आहे. इजिप्तची सरकारी नभोवाणी ३१ मे १९३४ रोजी सुरू झाली ती रिफअत यांच्याच पठणाने. यंत्रातून कुराण ऐकवावं का, असा प्रश्न तेव्हा त्यांना पडला होता. कैरोतल्या अल अजहर या धर्मविद्यापीठाच्या विद्वानांनी होकार दिल्यावरच ते मायक्रोफोनसमोर बसले. लहानपणीच त्यांची दृष्टी गेली होती. हे अंध शेख कैरोत बसून वाचतात आणि इथे, शेकडो किलोमीटर दूर, कॉफीच्या दुकानाच्या दाराशी एक पोरगा पाय दुखत असतानाही हलत नाही. दुकानातला कपबश्यांचा आवाज बंद झालेला आहे. रिफअत एक आयत संपवून थांबतात तेव्हा पोरगाही श्वास रोखतो. मी सांगतो म्हणून त्याच्या ओठांकडे बघा. थांबा संपायच्या आत त्याने पुढचा शब्द जुळवून ठेवला आहे.

मधली वर्षं झपाझप ओलांडू. शेख महंमद सलीम हमादा हे गुरू त्याला भेटतात आणि कुराण वाचण्याच्या सात मान्य परंपरा त्याला शिकवतात. त्यासाठी ‘शातिबिय्या’ हा ग्रंथ पाठ असावा लागतो. पद्यांची संख्या १,१७३ आणि सगळा मजकूर नियमांचा. एक उदाहरण देतो. कुराणाच्या पहिल्याच सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात, न्यायाच्या दिवसाचा ‘मालिक’ असं काही परंपरा वाचतात, बाकीच्या ‘मलिक’ वाचतात. एका आकाराचा फरक. पहिल्याचा अर्थ धनी, दुसऱ्याचा राजा. दोन्ही बरोबर, पण कोणती परंपरा कुठे काय वाचते याची भेसळ चालत नाही. विशीतला अब्दुल बासित हे सगळं घेऊन दक्षिणेतल्या गावोगावी पठणाला जातो. तिकडे त्याचं नाव झालेलं आहे. कैरोत त्याला कोणी ओळखत नाही.

आता सावरून उभे राहा, गर्दी फार आहे. कैरो, १९५०. सय्यिदा जैनब यांची मशीद. पैगंबरांची ही नात कैरोची लाडकी आहे आणि आज त्यांच्या मौलिदची मोठी रात्र आहे. आपल्याकडचा उरूस डोळ्यांसमोर आणा: दिव्यांच्या माळा, सुफींचे तंबू, भाजलेले हरभरे, मिठाई, खांद्यावर झोपलेली पोरं, हरवलेली पोरं. याच वर्षी मे महिन्यात शेख रिफअत वारले. त्यांचा आवाज शेवटी शेवटी घशाच्या आजाराने हिरावून घेतला होता. लोकांनी उपचारासाठी वर्गणी जमवायला घेतली तर त्यांनी ती नाकारली. त्यांची जागा रिकामी आहे हे आज इथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

रेटारेटी करत आत या. पुढे बसलेले शेख पाहून घ्या, कारण इतके मोठे लोक एका जागी क्वचितच दिसतील: अब्दुल फत्ताह शअशाई, मुस्तफा इस्माईल, अबुल ऐनैन शुऐशा. एकेकाच्या नावावर कैरोत चाहत्यांचे जथे आहेत. त्यांच्यापासून बऱ्याच मागे, खांबाजवळ, तेवीस वर्षांचा अब्दुल बासित यात्रेकरू म्हणून बसला आहे. ऐकायला आला आहे. सोबतचा नातेवाईक मात्र स्वस्थ बसत नाही. तो पुढे जातो, अजीजीने बोलतो. आमच्याकडचा मुलगा आहे, सईदचा आहे, दहाच मिनिटं द्या. सईद म्हणजे दक्षिण इजिप्त. राजधानीने खेडवळ म्हणून हिणवलेला मुलूख. मुलगा स्वतः संकोचलेला आहे. परवानगी मिळते.

तो वर बसतो. सूरह अहजाबमधली, पैगंबरांवर दरूद, म्हणजे कृपेची प्रार्थना, पाठवायला सांगणारी आयत तो निवडतो. त्याची हुशारी इथे पाहा. ही आयत कानावर पडली की मशिदीतला प्रत्येक माणूस आपोआप ओठांनी दरूद म्हणतो. म्हणजे अनोळखी पोराच्या पहिल्याच थांब्यात अख्ख्या सभेचा आवाज त्याच्यात मिसळला. दुसऱ्या थांब्यात नुसतं दरूद नाही, ‘अल्लाह!’ असा एक हुंकार मागून आला. तिसऱ्या थांब्यात तुमच्या शेजारचा म्हातारा गुडघ्यावर उभा राहिला आहे. श्वास संपला असं वाटतं तिथून आवाज आणखी वर चढतो, वर गेल्यावर बारीक होत नाही, उलट उजळतो. खाली उतरताना एकही अक्षर घसरत नाही. दहा मिनिटं कधीच उलटली. खाली बसवायला कोणी येत नाही. लोक पुन्हा वाच म्हणून ओरडत आहेत, आणि मौलिदची मोठी रात्र दक्षिणेतल्या पोराकडे दीड तासाहून अधिक वेळ कान लावून बसते.

तुमच्या मनात येईल की गुणी पोराला अखेर संधी मिळाली. मला ही रात्र तशी वाटत नाही. ही परीक्षा होती, आणि परीक्षक फक्त पुढे बसलेले शेख नव्हते. गर्दीतल्या हरभरेवाल्यालाही थांबा कुठे हवा आणि कुठे नको हे कळत होतं. असे कान पिढ्यांनी तयार होतात.

त्या रात्रीच्या पठणाचं ध्वनिमुद्रण झालं होतं. किरअतचे, म्हणजे कुराणपठणाचे, त्या काळचे मोठे अधिकारी शेख अली अद्दब्बाअ यांनी ते नभोवाणीच्या निवड समितीपुढे ठेवलं. अब्दुल बासित यांचा पाय गावातून निघत नव्हता, त्यांनी आढेवेढे घेतले. पण १९५१ संपता संपता ते नभोवाणीवर आले. आता तेच कॉफीचं दुकान, तीच दारातली गर्दी, फक्त आत वाजणारा आवाज बदललेला. १९५२ मध्ये इमाम शाफई यांच्या मशिदीत त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी वडिलांबरोबर ते हजला गेले, मक्का आणि मदिना इथल्या मशिदींत वाचलं आणि ‘मक्केचा आवाज’ हे बिरुद घेऊन परतले. पुढे जेरुसलेम, दमास्कस, जाकार्ता, जोहान्सबर्ग. मानसन्मानांची यादी मोठी आहे, मी ती वाचत बसणार नाही. मला तुम्हाला एका मांडवात न्यायचं आहे.

कैरोतच, कुणाच्या तरी मयताच्या तिसऱ्या रात्रीचा मांडव. लाल-निळ्या ठिगळकामाच्या कापडाच्या भिंती, खुर्च्यांच्या रांगा, साखर नसलेली काळी कॉफी. अब्दुल बासित उंच आसनावर बसलेले आहेत: काफतान, वर जुब्बा, डोक्याला लाल टोपीभोवती पांढरा फेटा. एक तळहात कानाजवळ जातो. सुरुवात इतकी खाली की पुढे झुकावंच लागतं.

हा ‘बयाती’. मकाम म्हणजे आपल्या रागाचा लांबचा भाऊबंद, आणि इजिप्तमध्ये पठणाची सुरुवात आणि शेवट बयातीत करायची रीत आहे. त्याचा दुसरा स्वर ऐका. आपला कोमल रिषभ आणि शुद्ध रिषभ यांच्या मधोमध तो बसतो. पेटीवर शोधू नका, पट्ट्यांमध्ये तो मिळायचा नाही. वाद्य नाही, ताल नाही, आधी बांधलेली चाल नाही. शब्द बाराशे-तेराशे वर्षांत अक्षरानेही न हललेला आणि सूर या क्षणी जन्मलेला. चाल ठरवून बांधणं इथे वर्ज्यच आहे, कारण मग ते गाणं होईल, आणि हे गाणं नाही. ही रेघ फार बारीक आहे. कित्येक धर्मपंडितांना ती ओलांडली गेली असं वाटतं, आणि त्यांची काळजी खोटी नाही. पण अब्दुल बासित यांच्याकडे नीट कान दिला तर कळतं की सूर कितीही उंच गेला तरी मात्रा मोजूनच लांबते. कैरोतले जाणकार सांगतात की मकामांच्या वळणांत मुस्तफा इस्माईल सर्वांत श्रीमंत. अब्दुल बासित ठरलेल्या वाटा पुन्हा चालतात. मला ते मान्य आहे. तरीही दमसास आणि आवाजाचा कस यात त्यांच्या जवळपास कोणी नाही, असंच मी म्हणेन.

आता सूरह तकवीर. मक्केच्या काळातली, छोटी, २९ आयतींची. तिच्या पहिल्या तेरा आयतींत बारा वेळा ‘जेव्हा’ येतं: सूर्य गुंडाळला जाईल तेव्हा, तारे निखळतील तेव्हा, डोंगर चालू लागतील तेव्हा. मध्येच, जिवंत पुरलेल्या मुलीला विचारलं जाईल की कुठल्या अपराधासाठी तुला मारलं. एवढे ‘जेव्हा’ होतात आणि ‘तेव्हा काय’ हे चौदाव्या आयतीत येतं. म्हणजे वाक्य तोवर लोंबकळत राहतं. ऐकणारा अधांतरी. अब्दुल बासित एका श्वासात आयतीमागून आयत जोडत जातात तेव्हा लोक त्यांची फुप्फुसं मोजतात, मीही लहानपणी तेच करायचो. पण या मांडवात बसून पाहा. तो लांब दम दाखवण्यासाठी नाही, वाक्याचं व्याकरणच तो मागतं आहे. सूर्य, तारे, डोंगर, समुद्र एकापाठोपाठ कोसळताना वाचणाऱ्याने निवांत श्वास घेत बसायचं तरी कसं?

आणि मग ते थांबतात.

तुमच्या शेजारचा माणूस मघाशी ‘अल्लाह’ म्हणून ओरडला होता. आता तो ओरडत नाही. मुलगी गेली आहे त्याची, मांडव तिच्यासाठीच आहे. अब्दुल बासित डोळे मिटून बसलेले आहेत, घाईत नाहीत. वाचणं त्यांचं होतं, हा थांबा त्या बापाचा आहे. लांब श्वास घेऊन ते पुन्हा सुरू करतात तेव्हा मागे जाऊन तीच आयत पुन्हा घेतात, या वेळी खालच्या सुरात.

इथून निघायला पाय जड होतील, पण एक खोली पाहायची राहिली आहे. नभोवाणीचा स्टुडिओ, १९६०चं दशक. शेख महमूद खलील अल हुसरी यांनी १९६१ मध्ये संपूर्ण कुराण संथ, साध्या ‘मुरत्तल’ पद्धतीने ध्वनिमुद्रित केलं आणि १९६४ मध्ये कैरोत केवळ कुराणासाठी वेगळं नभोवाणी केंद्र निघालं. मग आणखी चार जणांचं मुरत्तल नोंदवलं गेलं: मुस्तफा इस्माईल, मिन्शावी, बन्ना आणि अब्दुल बासित. काचेमागे तंत्रज्ञ, समोर मायक्रोफोन, माणूस एकही नाही. आयत संपते, थांबा अगदी श्वासापुरता, पुढची आयत सुरू. स्वच्छ, अचूक, शिकणाऱ्याच्या फार उपयोगाचं. जगभरात पोरं आजही या ध्वनिमुद्रणांवर उच्चार घासून घेतात. पण मांडवातून इथे आलात म्हणून तुम्हाला त्या खोलीत काहीतरी कमी भासतं, आणि ते आवाजात कमी नाही.

चला, आता आपल्या मुलखात. मार्च १९८०, देवबंद. दारुल उलूमचा शताब्दी सोहळा. इंदिरा गांधी दोनच महिन्यांपूर्वी पुन्हा सत्तेवर आल्या आहेत, त्याही इथे आल्या आहेत. शेतांमध्ये दूरवर मांडव आणि माणसंच माणसं. सोहळ्याची सुरुवात कारी अब्दुल बासित यांच्या किरअतने होते. इथल्या बहुतेकांना अरबी बोलता येत नाही. तरी थांबा आला की ‘सुब्हानल्लाह’ची लाट पुढच्या रांगेपासून मागे उसाच्या फडापर्यंत जाते. हो, इथेही ऊसच आहे. या माणसाच्या जवळ तुम्हाला आज जाताही येणार नाही. पण त्याची तुम्हाला गरज नाही, तुम्ही त्याला नऊ वर्षांचा असताना पाहिलं आहे.

पुढचं थोडक्यात. १९८४ मध्ये इजिप्तमधल्या कुराणपठण करणाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. ज्यांचं पोट पठणावर आहे अशांच्या म्हातारपणाची सोय त्यांना हवी होती. मधुमेहाने ग्रासलं, यकृत गेलं. उपचारासाठी लंडनला नेलं तर तिथून त्यांनी मायदेशी परत न्या असं सांगितलं. ३० नोव्हेंबर १९८८ रोजी ते गेले, तेव्हा वय ६१.

त्या सुमारास मुंबईतल्या महंमद अली रोडवर, मालेगावात, भिवंडीत त्यांच्या कॅसेट वाजत होत्या. आज त्या मोबाईलवर वाजतात. मुसलमान शेजाऱ्याच्या घरून पहाटे येणारा तो आवाज कित्येक मराठी घरांनी नाव माहीत नसताना ऐकलेला आहे.

तुम्ही आता ऐकाल तेव्हा एवढं करा. सूरह तकवीर शोधा, पण गर्दीचा गलका साफ करून, थांबे कापून सलग जोडलेली आवृत्ती घेऊ नका. लोकांसमोरचं, जुनं, खरखरीचं ध्वनिमुद्रण घ्या. आयत संपल्यावर जो वेळ रिकामा जातो असं वाटेल, तिथे बोट पुढे सरकवू नका.